गरोदर ती, मग तपासणीला नवऱ्याला का बोलावतात?

दवाखान्यात आतल्या बाकांवर गरोदर बायका बसलेल्या असतात आणि बाहेर पायऱ्यांवर, नाहीतर गाडीला टेकून, त्यांचे नवरे थांबलेले असतात. मध्येच आतून सिस्टरची हाक येते, "मिस्टर आलेत का बरोबर?" मग तो आत जातो, दाराशीच उभा राहतो, फाइल हातात धरतो आणि "काही प्रॉब्लेम नाही ना?" एवढंच विचारतो. आपल्याला नेमकं कशाला बोलावलं, हे त्याला उमगलेलं नसतं. बरेचदा हाक मारणाऱ्यानंही ते सांगितलेलं नसतं.

आरोग्य खात्यांच्या कागदपत्रांत याला ‘पुरुष सहभाग’ म्हणतात. गरोदरपण, बाळंतपण आणि त्यानंतरचे काही महिने, या काळात बाळाच्या वडिलांनी माहिती घ्यायची, कामाचा वाटा उचलायचा आणि गरजेच्या तपासण्या स्वतःच्याही करून घ्यायच्या, असा त्याचा सरळ अर्थ. 1994 साली कैरोला भरलेल्या लोकसंख्या आणि विकास परिषदेत 179 देशांनी जो कृती-आराखडा मान्य केला, त्यात पुरुषांच्या जबाबदारीचा स्पष्ट उल्लेख होता. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची रीतसर शिफारस केली, पण एका अटीवर: बाईच्या निवडीचा मान राखला जाणार असेल आणि निर्णय तिच्याकडे राहणार असेल तरच.

शिफारस सगळीकडे सांगितली जाते, अट मात्र वाटेत गळून पडते. मला अटच जास्त महत्त्वाची वाटते.

## प्रश्न मुळात वेळेचा आहे

गरोदरपणात, किंवा ते संपल्यापासून 42 दिवसांच्या आत, गरोदरपणाशी संबंधित कारणानं बाई दगावली तर त्याला मातामृत्यू म्हणतात. अपघाती मृत्यू यात धरत नाहीत. 2023 साली जगभरात असे सुमारे 2,60,000 मृत्यू झाले. म्हणजे दिवसाला 700 हून अधिक. त्यातले बहुतेक टाळता येण्यासारखे होते, आणि हेच सगळ्यात जास्त बोचतं.

कारणं ठरावीक आहेत. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, वाढलेला रक्तदाब आणि त्यातून येणारे झटके, जंतुसंसर्ग, अडलेलं बाळंतपण, असुरक्षित गर्भपात. प्रत्येकावर उपाय माहीत आहेत आणि त्यातले बरेच साधे आहेत. पण घड्याळ थांबत नाही. बाळंतपणानंतर रक्त थांबलं नाही, तर एरवी ठणठणीत असलेली बाई काही तासांत जाऊ शकते. तेवढ्या वेळात कुणीतरी ओळखायला हवं, निघायला हवं, पोहोचायला हवं आणि उपचार सुरू व्हायला हवेत.

## तीन उशीर

1994 साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी याची एक मांडणी केली. ती आजही जगभर शिकवली जाते. त्यांचं म्हणणं असं की बाई दगावते तेव्हा मागे तीनपैकी एखादा तरी उशीर असतो. दवाखान्यात जायचं ठरवायला झालेला उशीर हा पहिला. ठरल्यावर तिथं पोहोचायला लागलेला, दुसरा. पोहोचल्यावर योग्य उपचार मिळायला लागलेला, तिसरा.

तिसरा उशीर दूर करणं दवाखान्याचं काम. दुसऱ्यात रस्ते आणि वाहनं येतात. पहिला उशीर मात्र घरातच होतो. "ते घरी आल्यावर बघू." "आधी त्यांना विचारायला हवं." "पैसे त्यांच्याकडे आहेत." "एवढ्या रात्री कुठं जायचं, सकाळी जाऊ." घरात धूर दिसला तर घराचा मालक परत येईपर्यंत कुणी थांबत नाही. पाणी सापडेल तिथून ओततात. बाईच्या अंगावरून रक्त जायला लागल्यावर मात्र परवानगीची वाट पाहिली जाते.

म्हणजे या पहिल्या उशिरात पुरुष आधीपासूनच ‘सहभागी’ आहे. त्याचं घरी नसणं, त्याच्या खिशातले पैसे आणि त्याच्या होकाराची वाट बघणं, हे सगळं त्या उशिराचा भाग आहे. त्याला आत बोलावण्यामागचं सगळ्यात मोठं कारण हेच.

ही गाठ सोडवायची वेळ कळा सुरू होण्याच्या खूप आधीची असते. बाळंतपण कुठं करायचं, अडचण आली तर पुढचं मोठं रुग्णालय कोणतं, रात्री दोन वाजता गाडी कोण काढेल, पैसे कुठं ठेवलेत, रक्त लागलं तर कोण देईल, मोठं मूल कुणाकडे राहील, हे सातव्या महिन्यापर्यंत ठरलेलं असावं. आणि त्यानं घरातल्या सगळ्यांसमोर एक वाक्य बोलून ठेवावं: "मी घरी असो वा नसो, हिला जावंसं वाटलं की लगेच निघायचं. मला नंतर कळवा." या वाक्याला काही खर्च नाही. पण ज्या घरात बाईला बाहेर पडायलाही विचारावं लागतं, तिथं ते रुग्णवाहिकेइतकंच कामाचं ठरतं.

धोक्याच्या खुणा दोघांनाही पाठ असायला हव्यात. अंगावरून रक्त जाणं, उसळून डोकं दुखणं आणि डोळ्यांपुढे अंधारी येणं, झटके, चेहऱ्यावर आणि हातांवर एकाएकी सूज, ताप, पोटात असह्य दुखणं, दम लागणं, कळांआधीच पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही. तिला झटका आला किंवा तिची शुद्ध हरपली, तर खुणा ओळखणारं माणूस ती स्वतः असूच शकत नाही. म्हणून दुसऱ्या कुणाला तरी त्या माहीत हव्यात.

माहिती दोघांना एकत्र दिल्यानं खरंच फरक पडतो का? काठमांडूमध्ये 442 गरोदर बायकांचा एक अभ्यास झाला. तो 2007 साली प्रसिद्ध झाला. काही जणींना एकटीला माहिती दिली, काही जणींना नवऱ्यासोबत, काही जणींना वेगळं काहीच दिलं नाही. ज्यांनी जोडीनं ऐकलं होतं, त्यांनी बाळंतपणाची तयारी जास्त केली आणि बाळंतपणानंतरच्या तपासणीलाही त्या जास्त प्रमाणात आल्या. सांगितलेली माहिती तीच होती, ऐकणारे मात्र दोन होते. त्यामुळे घरी गेल्यावर तिला कुणाला पटवत बसावं लागलं नाही.

## त्याच्याही रक्ताचा प्रश्न आहे

"पोटात बाळ तिच्या आहे, माझं रक्त कशाला काढता?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर कुणीतरी शांतपणे द्यायला हवं.

आधी रक्तगट पाहू. तिचा निगेटिव्ह आणि त्याचा पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. तिचं शरीर त्या पेशींना परकं समजतं आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं. दारावरच्या राखणदारानं एकदा अनोळखी चेहरा पाहून तो कायमचा लक्षात ठेवावा, तसं हे. पहिलं बाळ बहुतेक वेळा सुखरूप जन्मतं. पुढच्या खेपेला मात्र हाच राखणदार बाळाच्या रक्तपेशींवर तुटून पडतो. हे टाळायला अँटी-डी नावाचं इंजेक्शन असतं. ते साधारण 28 व्या आठवड्यात देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर 72 तासांच्या आत पुन्हा. त्याचा रक्तगट आधी माहीत असला की ही तयारी वेळेत होते.

थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही असंच. नवरा-बायको दोघेही वाहक असले, म्हणजे दोघांमध्ये सदोष जनुकाची एकेक प्रत असली, तर दोघांनाही स्वतःला काही त्रास नसतो. पण प्रत्येक खेपेला बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. ती वाहक निघाली की लगोलग त्याची तपासणी करायची. त्याची तपासणी पूर्णपणे नॉर्मल आली, तर ती टांगती तलवार तिथंच खाली येते.

सिफिलिस आणि एचआयव्ही या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गांच्या तपासण्या ऐकून पुरुष बिचकतात. त्यांना तो संशय वाटतो. सिफिलिसवर पेनिसिलिनचा उपचार आहे. तो झाला नाही तर बाळ पोटातच दगावू शकतं. उपचार फक्त तिलाच दिला आणि त्याला संसर्ग तसाच राहिला, तर तिला तो पुन्हा होणार. छप्पर गळत असताना खालची फरशी पुसत बसण्यासारखंच ते आहे.

धुराचंही सांगायला हवं. तिनं आयुष्यात कधी सिगारेटला हात लावला नसेल, पण घरात तो ओढत असेल तर धूर तिच्याही छातीत जातो आणि बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. "मी खिडकीत उभा राहून ओढतो" हे समाधान खोटं आहे.

एक जुनी गोष्टही इथं उरकून टाकतो. मुलगा होणार की मुलगी, हे पुरुषाच्या शुक्राणूवर ठरतं. बाईच्या बीजात एक्स गुणसूत्रच असतं. शुक्राणूकडून एक्स आला तर मुलगी आणि वाय आला तर मुलगा. हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. तरीही मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरं आहेत, आणि ते ऐकून गप्प बसणारे नवरेही.

## तपासणीच्या खोलीत त्यानं करायचं तरी काय?

2016 पासून जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात किमान 8 भेटी सुचवते आणि पहिली भेट 12 आठवड्यांच्या आत व्हावी असं सांगते. प्रत्येक भेटीला त्यानं जायलाच हवं असं नाही. पहिली भेट, रिपोर्ट समजावून सांगितले जातात ती भेट आणि बाळंतपणाचं नियोजन ठरतं ती भेट, एवढ्या तरी चुकवू नयेत.

आत गेल्यावर त्यानं मुख्यतः ऐकायचं असतं. डॉक्टर भराभर बोलतात, तिच्या मनात धास्ती असते, अर्धं डोक्यावरून जातं. अशा वेळी दुसरे दोन कान उपयोगी पडतात. रक्तदाब किती आला, हिमोग्लोबिन किती आहे, कोणती गोळी कधी घ्यायची, हे लिहून घ्यावं. शंका विचाराव्यात. पण "कसं वाटतंय?" असं डॉक्टरांनी तिला विचारलं, तर उत्तर तिनंच द्यायचं. तो मध्येच "सगळं ठीक आहे" म्हणाला तर तिचं सांगायचं राहून जातं.

थोड्या वेळानं त्याला बाहेर थांबायला सांगतील. त्यात अपमान वाटून घेऊ नये, कारण दर खेपेला काही वेळ तिच्याशी एकटीशी बोलणं हा चांगल्या तपासणीचा भागच असतो. जगात दर 3 बायकांपैकी जवळपास 1 जणीला आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागते, आणि ती करणारा बहुतेकदा जोडीदारच असतो. गरोदरपणात ही हिंसा थांबतेच असं नाही. ज्या खोलीत नवरा सतत शेजारी बसलेला आहे, तिथं ती हे कुणाला सांगणार? घरात असं काही नसेल तरी तिला एकटीनं विचारायचं काहीतरी असूच शकतं.

## बाळंतपणाच्या खोलीत पुरुषाचं काय काम?

या विषयावरची सगळ्यात तापलेली चर्चा इथंच होते. मला ती जरा चुकीच्या जागी अडकलेली वाटते.

कळा देताना बाईसोबत कुणीतरी सतत असावं, याचा पुरावा भक्कम आहे. 2017 साली 26 चाचण्या आणि 15,000 हून अधिक बायकांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांच्यासोबत कळा सुरू असताना सतत कुणी होतं, त्यांचं बाळंतपण नैसर्गिक होण्याचं प्रमाण जास्त होतं, कळांचा काळ थोडा कमी भरला आणि सिझेरियन कमी झाली. तो अनुभव वाईट होता असं म्हणणाऱ्याही कमी निघाल्या. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेनं प्रत्येक बाळंतपणात सोबतीची शिफारस केली, आणि शब्द वापरले ‘तिच्या पसंतीची सोबत’.

ती सोबत कुणाची, हे तिनं ठरवायचं. तिला आई हवी असेल, बहीण हवी असेल, मैत्रीण हवी असेल. नवरा हवा असेल तर त्यानं कंबर चोळावी, पाणी द्यावं, हात धरावा आणि सिस्टरांच्या कामात आडवं येऊ नये. त्या अवस्थेत त्यानं आपल्याला पाहू नये असं तिला वाटत असेल, तर तो बाहेर थांबला म्हणून त्याचा सहभाग कमी होत नाही. विकसनशील देशांतले अभ्यास एकत्र करून 2015 साली झालेल्या एका आढाव्यात असं दिसलं की पुरुषांच्या सहभागाचा फायदा बाळंतपणाच्या वेळेपेक्षा गरोदरपणात आणि नंतरच्या काळात जास्त होतो. चर्चा मात्र सगळी त्या काही तासांभोवतीच फिरते.

"आमच्या दवाखान्यात कुणालाच आत सोडत नाहीत" ही अडचण खरी आहे. एकाच खोलीत चार खाटा असतील आणि मध्ये पडदा नसेल, तर इतर बायकांचाही विचार करावाच लागतो. तिथं सोबतीला एखादी बाई चालते का, हे आठव्या महिन्यातच विचारून ठेवावं. कळा सुरू झाल्यावर दाराशी वाद घालून काही हाती लागत नाही.

## मग सगळी सूत्रं त्याच्याच हातात जाणार नाहीत का?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. आधीच ज्या घरांत बाईचा प्रत्येक निर्णय दुसराच कुणी घेतो, तिथं नवऱ्याला दवाखान्यातही खुर्ची दिली तर त्याचा ताबा आणखी घट्ट होईल, अशी भीती बायकांसाठी काम करणाऱ्यांनी अनेकदा बोलून दाखवली आहे. ती अनाठायी नाही.

आफ्रिकेतल्या काही देशांत जोडीनं येणाऱ्यांना रांगेत पुढचा नंबर द्यायची पद्धत सुरू झाली. पुरुष यावेत, हा हेतू चांगलाच होता. पण ज्यांचे नवरे परगावी कामाला होते, ज्या विधवा होत्या, ज्यांना नवऱ्यानं टाकलं होतं, त्या मागे ढकलल्या गेल्या. काहींना तर एकट्या आल्या म्हणून परत पाठवलं गेलं. मदतीची सर्वांत जास्त गरज असलेलीच बाहेर राहिली. म्हणून पुरुष सोबत असणं ही तिच्या तपासणीची अट कधीच होता कामा नये. तो आला तर चांगलंच, नाही आला तरी तिची तपासणी तशीच आणि तितक्याच आदरानं व्हायला हवी.

दुसरीकडे रवांडातला ‘बांदेबेरेहो’ हा कार्यक्रम आहे. तिथं लहान मुलांच्या वडिलांचे आणि होऊ घातलेल्या वडिलांचे गट घेतले गेले. काही सत्रांना त्यांच्या बायकाही होत्या. गरोदरपणाच्या माहितीबरोबरच घरातली कामं, पैशांचे निर्णय, राग आणि मारहाण यावरही उघड बोलणं झालं. सुमारे 1,200 जोडप्यांवर केलेल्या चाचणीत, कार्यक्रमात असलेल्या घरांत मारहाण कमी झाली, पुरुष तपासणीला जास्त वेळा सोबत गेले आणि घरकामातही त्यांचा वाटा वाढला. सहा वर्षांनी पुन्हा पाहणी केली तेव्हाही फरक टिकून होता.

दोन्हींची तुलना केली की उलगडतं. पहिल्या ठिकाणी पुरुषाला फक्त हजर राहायला सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी घरात कोणाचं चालतं, या प्रश्नालाच हात घातला.

## "पण सुट्टी कोण देणार?"

रोजंदारीवरच्या माणसाचा एक दिवस बुडाला की त्या दिवसाची चूलच अडचणीत येते. तो येत नाही म्हणून त्याला बेफिकीर ठरवणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 2022 साली 185 देशांचा आढावा घेतला. त्यातल्या 115 देशांत वडिलांना रजेचा कायदेशीर हक्क आहे, आणि जगाची सरासरी भरते जेमतेम 9 दिवस. तपासणीची वेळ संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवली तर बरेच जण येऊ शकतील. ज्यांना तरीही जमणार नाही, त्यांनी फोनवर का होईना, तिच्याकडून सगळं नीट ऐकून घ्यावं.

## बाळ घरी आल्यावर

बाळ जन्मलं की घरातल्या सगळ्यांचे डोळे पाळण्याकडे वळतात आणि बाळंतीण नजरेआड होते. मातामृत्यूंचा मोठा वाटा नेमका बाळंतपणानंतरच्या दिवसांतला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या शिफारशींनुसार या काळात किमान चार तपासण्या हव्यात: पहिल्या 24 तासांत, मग 48 ते 72 तासांदरम्यान, नंतर 7 ते 14 दिवसांत आणि शेवटी सहाव्या आठवड्यात. या तारखा लक्षात ठेवणं हे त्याचं काम असू शकतं, कारण तिला त्या दिवसांत वार कुठला आहे हेही सुचत नसतं.

अंगावरून एकदम जास्त रक्त जायला लागलं, ताप आला, पोटरी दुखून सुजली, डोकं फार दुखायला लागलं, तर ताबडतोब निघायचं. दूध पाजणं सोडून बाकी सगळं पुरुषाला करता येतं. लंगोट बदलणं, ढेकर काढणं, रात्री बाळाला उचलून तिच्याजवळ देणं आणि पुन्हा झोपवणं, मोठ्या मुलाला सांभाळणं, भेटायला आलेल्यांना तासाभरात नम्रपणे निरोप देणं. पहिले सहा महिने बाळाला निव्वळ आईचं दूध द्यायचं असतं. ते तिला जमावं म्हणून तिची झोप राखणं आणि "दूध पुरत नाही वाटतं" म्हणणाऱ्यांना थोपवणं हीसुद्धा कामंच आहेत.

मनाकडेही पाहायला हवं. बाळंतपणानंतर जगभरात सुमारे 13 टक्के बायकांना मानसिक आजार होतो आणि त्यात नैराश्य सर्वाधिक. पहिल्या आठवड्यातलं रडू सहसा आपोआप ओसरतं. पण उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, ती बाळाकडे बघेनाशी झाली, "मी नसले तर बरं" असं काही बोलली, तर त्याला नाटक म्हणायचं नाही. डॉक्टरांकडे न्यायचं. हे पहिल्यांदा लक्षात येतं ते त्याच घरात रोज झोपणाऱ्या माणसाच्या. आणि हे तिच्यापुरतंच नाही. 2010 साली अनेक अभ्यासांची एकत्रित पाहणी झाली, तेव्हा सुमारे 10 टक्के वडिलांमध्येही या काळात नैराश्य आढळलं. बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना ते सर्वांत जास्त होतं. पुरुष ते चिडचिडीत किंवा कामाच्या ढिगात लपवतात. त्यालाही कुणीतरी "तू बरा आहेस ना?" असं विचारायला हवं.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीत पाळणा लांबवण्याचा विषय निघतो आणि इथं पुन्हा अनेक नवरे बाहेर थांबतात. बाळ झाल्यावर पुन्हा दिवस जाण्याआधी किमान 24 महिने जावेत असा सल्ला असतो, कारण आईच्या शरीराला तेवढा वेळ लागतो. आता मूल नकोच असं दोघांनी ठरवलं असेल, तर पुरुष नसबंदी ही स्त्री-नसबंदीपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची शस्त्रक्रिया आहे. पोट उघडावं लागत नाही, भूल फक्त त्या जागेपुरती असते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. पुरुषत्वावर तिचा परिणाम होत नाही, कारण पुरुषी संप्रेरक पूर्वीसारखंच रक्तात जात राहतं. बंद होते ती फक्त शुक्राणूंची वाट. मात्र आधीचे शुक्राणू संपायला वेळ लागतो, म्हणून पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्याची तपासणी करून खात्री करून घ्यायची. ती तारीखही, बाळाच्या लसीच्या तारखेशेजारी, त्यानंच लिहून ठेवायची.